छातीच्या हाडापर्यंत ऑक्सिजन

(दृश्य: जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणारा, पारदर्शक नळकांड्यासारखा चेंबर. आत आडवा पडलेला रुग्ण, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या हाडाला संसर्ग झालेला.)

दार बंद झालं. दाब हळूहळू चढतोय. "आवंढा गिळत राहा, काका. कान दुखला तर लगेच हात वर करा." विमान उतरताना बसतात तसे कानाला दडे बसतायत. अंगावर फक्त सुती कपडे. तेल, क्रीम, मोबाइल, काहीही आत न्यायचं नाही. एवढ्या ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही जिवावर बेतते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. बहुतेकांचं ते नीट जुळून येतं. मोजक्या रुग्णांत मात्र संसर्ग खोल उतरतो. ताप येतो, जखम पाझरते, खोकताना हाड हलल्यासारखं वाटतं. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान यांनी धोका वाढतोच. शिवाय बायपाससाठी छातीच्या आतली धमनी वापरलेली असेल, तर त्या हाडाचाच रक्तपुरवठा घटतो.

खरी अडचण इथेच आहे. पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचतात, पण त्यांना मारायचं हत्यार त्या ऑक्सिजनपासूनच तयार करतात. ऑक्सिजनविना उपाशी जखमेत त्या निःशस्त्र पडतात.

चेंबरमध्ये दाब वातावरणाच्या साधारण 2 ते 2.5 पट असतो आणि श्वासात शुद्ध ऑक्सिजन. तांबड्या पेशी एरवीही जवळपास भरलेल्याच असतात. वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत तो 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो, तिप्पट दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेताना सुमारे 6. ॲमस्टरडॅमचे सर्जन इटे बोरेमा यांनी 1960 मध्ये हेच दाखवलं: तांबड्या पेशी जवळजवळ नसतानाही डुकरं अशा दाबाखाली जगली.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. चेंबर सर्जनची जागा घेत नाही. आधी मेलेलं हाड आणि मांस काढायचं, अँटिबायोटिक द्यायचं, लागलं तर स्नायू फिरवून पोकळी भरायची. ऑक्सिजन त्याच्या जोडीला. या संसर्गावरचे त्याचे अभ्यास अजून लहान आहेत, म्हणून घाईत खात्रीचं काही कबूल करू नये. आणि फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, तर ती काढल्याशिवाय रुग्णाला आत न्यायचंच नाही. छाती नुकतीच उघडलेल्या माणसात हे आवर्जून तपासावं लागतं.

(दृश्य: ड्रेसिंग उघडतंय.)

आजचा दीड तास संपला. अशी बरीच सत्रं, बहुधा 20 ते 40. नर्स पट्टी हळूच सोडवते. करड्या पडलेल्या कडेला आज लाल, दाणेदार मांस दिसतंय, आणि पुसताना त्यातून ताजं रक्त येतंय.