मुरुमातला पू कोणाचा?

तोंडावर पुळ्या आल्या की दोन निदानं घरातच होतात: रक्त अशुद्ध झालंय, नाहीतर अंगात उष्णता वाढलीय. हल्ली तिसरंही ऐकू येतं, 'प्रतिकारशक्ती कमी पडतेय, ती वाढवायचं काहीतरी द्या.' आजचं बोलणं या तिसऱ्या समजुतीबद्दल आहे, कारण खरी गोष्ट नेमकी उलट आहे. मुरुमात प्रतिकारशक्ती दुबळी नसते. ती त्या जागी भडकलेली असते.

त्वचेवरचं एक बारीक छिद्र डोळ्यांपुढे आणा. खाली केसाचं मूळ, बाजूला तैलग्रंथी आणि वर येणारी अरुंद नळी. वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) तैलग्रंथी मोठी होते, तेल वाढतं. त्याच वेळी नळीच्या आतल्या पेशी सुट्या गळून पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. हे बूच कित्येक आठवडे डोळ्यांना दिसतही नाही.

आधी बूच, मग जंतूंची वाढ आणि मग सूज, असा क्रम पूर्वी शिकवला जायचा. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी मुरुमं असलेल्या लोकांच्या वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेचे तुकडे तपासले. छिद्रांभोवती टी-पेशी आणि भक्षक पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी आधीच जमलेल्या होत्या, इंटरल्युकिन-1 हा सुजेचा निरोप्याही वाढलेला होता. म्हणजे पुळी दिसण्याच्या कितीतरी आधी आग धुमसत असते.

आता जंतू. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या त्वचेवर राहणारा रहिवासी. नितळ चेहऱ्यावरही तो भरपूर असतो. फरक मुख्यतः त्याच्या उपजातींमध्ये दिसतो. तुंबलेल्या, प्राणवायू नसलेल्या तेलात तो फोफावतो. भक्षक पेशींवरचा टीएलआर-2 हा ग्राही, म्हणजे जंतू ओळखणारा रेणू, त्याची पेशीभिंत ओळखतो आणि गजर होतो. इंटरल्युकिन-8 हा आणखी एक निरोप्या सुटतो, त्यामागे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. इंटरल्युकिन-1 बीटा आणि टी-एच 17 या प्रकारच्या टी-पेशी आगीत तेल ओततात. न्यूट्रोफिल फुटतात, त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) नळीची भिंत पोखरतात. पिवळा पू दिसतो तो मुख्यतः याच मेलेल्या पेशींचा. तो आपलाच आहे. खड्डाही आपणच पाडतो: सुजेत तयार झालेली विकरं खालचं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, विरघळवतात.

म्हणून पुळी पिळू नका. दाब वर येतो तसा खालीही जातो. आतली भिंत फुटली की तेल आणि केराटिन (मेलेल्या पेशींतलं कडक प्रथिन) त्वचेच्या खोल थरात सांडतं, शरीर त्यांना परकं समजतं आणि तांदळाएवढ्या पुळीची दुखरी गाठ होते. खरखरीत स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट यांनीही त्वचा सोलवटून सूजच वाढते. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सुजेमुळे रंगपेशीही चेतवल्या जातात, म्हणून पुळी गेली तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमुळे. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. तीन-चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो, कारण निरोपे दाबले गेलेले असतात. बूच मात्र तिथंच राहतं. काही आठवड्यांत एकसारख्या बारीक पुळ्यांचं पीक येतं, त्वचा पातळ होते, गालांवर केशवाहिन्या दिसू लागतात. ट्यूब बंद केली की भडका उडतो आणि माणूस पुन्हा तीच लावतो. हे चक्र त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सोडवावं.

मुंबईच्या दमटपणात आणखी एक फसवणूक होते. घामट कपड्यांत लोकलचा प्रवास झाला की छाती, पाठ आणि कपाळावर एकाच मापाच्या, खाजणाऱ्या पुळ्या उठतात. ब्लॅकहेड एकही नसतो. हा बहुधा मॅलसेझिया या बुरशीचा प्रकार असतो. अँटिबायोटिक्सनी तो वाढतो, बुरशीविरोधी औषधाने बरा होतो. खाज आणि ब्लॅकहेड या दोन खुणा पाहिल्या तरी बरीच चूक टळते.

मुरुमाच्या खऱ्या औषधांकडे या नजरेने पाहा. ॲडापॅलीन 0.1 टक्के हे लावायचं औषध बूच सैल करतं आणि टीएलआर-2 चा गजरही मंद करतं. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, मटाराच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला लावायचं, फक्त पुळीवर नाही. दिसत नसलेली बुचंही तिथेच आहेत. सुरुवात एक दिवसाआड. पहिले काही आठवडे त्वचा सोलते आणि नेमकं तेव्हाच बरेच जण औषध सोडून देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जंतू मारणारं औषध 2.5 टक्केसुद्धा पुरतं, जास्त टक्क्यांनी जळजळच वाढते. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरा. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक एकटं लावू नका, जंतू निर्ढावतात. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या मुरुमांत जंतू मारण्याइतकंच सूज उतरवण्यासाठी देतात, साधारण तीन महिन्यांच्या आत थांबवतात. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, कारण आज दिसणाऱ्या पुळीचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेलं असतं.

दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागले तर थांबू नका, आयसोट्रेटिनॉइनचा विचार डॉक्टर तेव्हाच करतात. या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येतं, म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळणं बंधनकारक समजा. गर्भवतींनी ॲडापॅलीनही लावू नये.