पाण्यात बुडबुडा नको

(ऑपरेशन थिएटर. दिवे मंद. पडद्यावर आतडं.)

पोट उघडलेलं नाही. आठ-आठ मिलिमीटरची चार छिद्रं, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारं. सर्जन पेशंटपासून चार पावलांवर, रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसलेत. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. बोटं त्यांचीच.

समोर दिसतंय ते मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण, सिग्मॉइड. रक्तवाहिन्या जिथे आतड्याच्या भिंतीत शिरतात, तिथे ती मुळातच कच्ची असते. आतला दाब वाढला की तिथून अस्तर बाहेर फुगतं, वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. डॉक्टर त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण एखादी सुजली की ओटीपोटात डावीकडे कळ, अंगात ताप. फुटली तर पोटात पू. आशियात या पिशव्या उजवीकडेही बऱ्याच सापडतात, म्हणून कधी कधी अपेंडिक्सच वाटतं.

प्रत्येक सुजलेलं आतडं कापायचं नसतं, हे ठासून सांगायला हवं. पुष्कळांना औषधं पुरतात. त्रास पुन्हापुन्हा उलटला, आतडं अरुंद झालं किंवा मूत्राशयाला भोक पडलं, की ऑपरेशनचा विषय येतो.

१९२१ साली फ्रेंच सर्जन आंरी हार्टमन यांनी कॅन्सरसाठी एक पद्धत मांडली: रोगट भाग काढायचा, वरचं टोक पोटावर आणायचं, मल तिथून बाहेर लावलेल्या पिशवीत जातो. आतडं फुटलेलं असताना ती आजही जीव वाचवते, पण पोटावर पिशवी घेऊन जगणं सोपं नाही. नव्वदच्या दशकात दुर्बीण आली, २००१ साली न्यू जर्सीत रोबोटच्या मदतीने सिग्मॉइड काढलं गेलं.

(पडदा जवळून.)

सुजेने सगळं एकमेकांना चिकटलंय. ही पांढुरकी दोरी म्हणजे मूत्रवाहिनी, किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी. तिला इजा होता कामा नये. हलकेच धक्का लागला की अळीसारखी वळवळते, तशीच ती ओळखायची. मनगटासारखं वळणारं अवजार तिच्या कडेकडेने जातं. या यंत्रात पकडीचा जोर हाताला कळत नाही, नजरेनेच जोखावा लागतो. जखम लहान राहते, अडचणीच्या जागी हात वळतो. खर्च मात्र वाढतो.

रोगट तुकडा निघाला. स्टेपलरने दोन्ही टोकं जोडली.

आता ओटीपोटात सलाईन भरतात आणि खालून आतड्यात हवा सोडतात. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात ना, अगदी तसंच. सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

आतडं फुगतं. पाणी स्थिर आहे.