ट्रॅकवर जाणारी पहिली गाडी: शॉकअप, स्प्रिंग आणि टायर

या चित्रफितीच्या पहिल्या दृश्यात, लिफ्टवर चढवलेल्या जुन्या स्विफ्टच्या पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे चाक बॉडीला जोडणाऱ्या खांबावर, स्प्रिंगचे खालचे टोक ज्या बैठकीवर टेकते तिथे, मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक फिरवत आहेत आणि गंजाचे पापुद्रे एकामागून एक खाली गळत आहेत. गाडी देवगडची आहे. समुद्रावरून येणारी खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि बैठकीच्या खोलगटात साचून राहणारी तांबडी माती यांमुळे किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये ही जागा लवकर गंजते, आणि गंज वरून दिसत नसल्याने ती तपासली जाते सर्वांत शेवटी. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या या गॅरेजात मात्र कामाची सुरुवात तिथूनच झाली आहे.

गाडीचा मालक पंचविशीतला आहे आणि त्याला ही गाडी कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर न्यायची आहे. तिथे शर्यत नाही. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून, मागून येणाऱ्याला वाट देण्याचे नियम पाळून स्वतःची गाडी बंद मार्गावर चालवण्याचा तो दिवस, म्हणजे ट्रॅक डे. शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा, तर ग्रेटर नोएडातला बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. यांतला एकही कोकणाच्या हाकेच्या अंतरावर नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून गोवा, कारवार, मंगळूर मागे टाकत खाली जायचे, दिवसभर गाडी पळवायची आणि त्याच गाडीने घरी परतायचे, असा हा बेत आहे. निवडीचा सगळा प्रश्न या परतीच्या प्रवासाने ठरतो, कारण ट्रॅकवर जे चार टायर तापणार आहेत तेच चार टायर परतताना पावसाच्या पाण्यातून गाडी घरी आणणार आहेत.

मालकाच्या मोबाइलमध्ये एक यादी होती: गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, रुंद रिम आणि जवळजवळ गुळगुळीत दिसणारे सेमी-स्लिक टायर. पहिल्या ट्रॅक डेसाठी यांतले काहीही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि या गॅरेजात जे चालले आहे ते पाहिल्यावर त्या मताची कारणे आपोआप उलगडतात.

स्विफ्टच्या पुढच्या बाजूला मॅक्फर्सन स्ट्रट आहे. अमेरिकी अभियंते अर्ल मॅक्फर्सन यांनी १९४०च्या दशकात विकसित केलेली ही रचना आज बहुतेक छोट्या गाड्यांत आढळते. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसतात, त्या खांबाचे वरचे टोक बॉडीला आणि खालचे टोक नकलला, म्हणजे चाक ज्या भागावर बसते त्याला, जोडलेले असते, आणि चाकाची खालची बाजू लोअर आर्म सांभाळतो. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक पिळली जाणारी आडवी तुळई. रचना साधी आणि स्वस्त आहे, परंतु तिच्यात रबराच्या बुशांवर, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्यांवर, फार काही अवलंबून असते. आता कॅमेरा जिथे थांबला आहे तो लोअर आर्मचा मागचा बुश पाहा. मेस्त्री पहार लावून आर्म किंचित दाबतात आणि रबरात एक फट उघडते. ब्रेक दाबल्यावर हा आर्म मागे ढकलला जातो. बुश फाटलेला असेल तर चाकाची दिशा स्टिअरिंग न वळवताही बदलते. रस्त्यावर हे जाणवते ते ब्रेक दाबताना गाडीने थोडे एका बाजूला ओढण्याइतकेच. शंभराच्या पुढच्या वेगातून वळणाआधी जोरात ब्रेक मारताना मात्र नवशिक्याला ते स्वतःच्या हाताची चूक वाटते आणि तो नसलेला दोष सुधारत बसतो.

म्हणून लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग आणि चारही शॉकअप या क्रमाने तपासणी होते. चाकाला वर आणि खाली धरून हलवले की व्हील बेअरिंगची ढिलाई हाताला कळते. शॉकअपच्या दांड्याखाली तेलाचा ओघळ असेल तर दुसरी परीक्षा घेण्याची गरज उरत नाही. बोनेट दाबून गाडी किती वेळा उसळते हे पाहण्याची जुनी पद्धत पूर्ण मेलेला शॉकअप ओळखते, अर्धमेला ओळखत नाही. ऐंशी हजार किलोमीटर चाललेले शॉकअप कोरडे दिसले तरी बदलणे आम्हाला योग्य वाटते, आणि ते जोडीने बदलावेत. या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंना दबलेल्या निघाल्या. हंगामात हापूसच्या पेट्या वाहण्याचे काम तिने केले आहे, आणि मागची सीट पाडून भरलेल्या पेट्यांचे वजन स्प्रिंग विसरत नाही. कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बुश आणि नवे बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबण्याआधी त्याला अडवणारे रबरी तुकडे) इतके साहित्य बाकावर मांडलेले दिसते आहे. या खर्चात कोणालाही दाखवण्यासारखे काही नाही, पण गाडी मुळात जशी बांधली गेली होती तशी ती पुन्हा होते, आणि शिकणाऱ्याला पहिल्यांदा हीच गाडी हवी.

गाडी खाली बसवण्याचा मोह का टाळावा, ते या खडूच्या आकृतीत दिसते. मॅक्फर्सन रचनेत लोअर आर्म साधारण आडवा असतो. स्प्रिंग आखूड केली की आर्मचे बाहेरचे टोक वर जाते, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग कलतो तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. परिणामी गाडी दिसायला बसकी झाली तरी तिला कलवणाऱ्या बलाचा हात लांबतो, आणि शॉकअपला वर जायला उरलेली जागा तर आधीच कमी झालेली असते. वळणाच्या मध्यावर बाहेरचा स्ट्रट बम्प स्टॉपवर आदळला की त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात कितीतरी कडक होते, सगळा भार त्या एका टायरवर येतो आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. स्प्रिंगची कडी कापणे हा तर याहून वाईट मार्ग आहे. कड्या कमी झाल्या की स्प्रिंग कडक होते हे खरे, परंतु कापलेले टोक बैठकीवर नीट टेकत नाही आणि चाक लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या पाखाड्यांवरून आणि आमच्या गतिरोधकांवरून बसकी गाडी कशी न्यायची, हा प्रश्न वेगळाच.

एक बदल मात्र आम्ही सुचवतो, आणि तोही पहिल्या दिवसानंतर. स्ट्रटला नकलशी जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसवला की पुढच्या चाकाचा वरचा भाग अंशभर ते दीड अंश आत झुकवता येतो. गाडी वळणात बाहेर कलते तेव्हा हा झुकाव खर्च होतो आणि टायर जमिनीवर सपाट टेकतो. स्विफ्टमध्ये कंपनीने कॅम्बर, म्हणजे हा झुकाव, बदलण्याची सोय दिलेली नाही; फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलता येतो. त्यामुळे बोल्ट बसवल्यावर अलाइनमेंट नव्याने करणे अनिवार्य आहे.

आता टायर. दुकानातल्या या मांडणीवर दोन टायर शेजारी ठेवले आहेत: १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ (मिलिमीटरमधली रुंदी, तिच्या टक्क्यांत भिंतीची उंची आणि इंचांत रिम). दोन्ही स्विफ्टला कंपनीकडून आलेली मापे आहेत आणि बाहेरचा व्यास दोघांचा जवळजवळ सारखाच, सुमारे ६२० मिलिमीटर. फरक बाजूच्या भिंतीत आहे: पहिल्याची उंची १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. वळणात ही भिंत वाकते आणि टायर आपल्या खांद्यावर लोळतो, म्हणून थोडी बुटकी भिंत आणि २० मिलिमीटर अधिक रुंदी यांचा उपयोग होतो. ज्याच्याकडे चौदाचेच रिम आहेत त्याने तेच ठेवावेत; ज्याला पंधराचे कंपनीचे रिम जुन्या बाजारात मिळतील त्याने ते घ्यावेत. याहून मोठ्या रिमचा विचार आता नको.

टायर घ्यावा तो चांगल्या कंपनीचा, रस्त्यावरचा, पाण्यात पकड असलेला. सेमी-स्लिक टायर कोरड्यात फार चिकटतो, पण त्याच्या उथळ खाचांतून महामार्गावर साचलेले पाणी बाहेर पडत नाही. शिकण्याच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. साधा टायर पकड सोडण्याआधी किंचाळतो आणि सोडतो तीही हळूहळू, त्यामुळे चूक कमी वेगात कळते आणि सुधारायला अवधी मिळतो. चिकट टायर तीच चूक झाकतो, आणि झाकता न आल्यावर वेग बराच वाढलेला असतो. टायरच्या भिंतीवर DOTने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खरेदी करताना दुकानदाराला चारही टायरांचे आकडे दाखवायला सांगावे, आणि लहान गावांतल्या मांडणीवर पडून राहून कडक झालेला टायर सवलतीतही घेऊ नये.

हा कारीच्या पिटमधला, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेतला, सकाळचा प्रसंग आहे. मालक प्रत्येक टायरच्या खांद्यावर, झिजणाऱ्या पृष्ठभागापासून भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी खडूने आडव्या रेघा ओढतो आहे. टायरच्या कडेला एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. फेऱ्या मारून आल्यावर खडू त्या त्रिकोणाच्या आसपासपर्यंत पुसला गेला असेल तर हवा ठीक आहे. भिंतीवरही पुसला असेल तर हवा कमी आहे, आणि कडेवर खडू तसाच उरला असेल तर जास्त. दाब मोजायचा तो गाडी थांबल्याबरोबर, स्वतःच्या गेजने, कारण पंपावरचे दोन गेज एकसारखे दाखवतीलच असे नाही. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. थंड टायरमध्ये ३२ पीएसआय असतील आणि टायर ४० अंशांनी तापला, तर गेज ३८च्या पुढे जातो. मग थोडी हवा सोडायची, पुन्हा रेघा ओढायच्या, पुन्हा बाहेर पडायचे, असा हा क्रम दिवसभर चालतो आणि त्यातूनच गाडी काय करते आहे हे माणसाला कळू लागते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते पाणी टायरमध्ये गेले तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब हिशेबाबाहेर वाढतो, म्हणून निघण्यापूर्वी टाकी रिकामी करणाऱ्या दुकानातच हवा भरलेली बरी.

ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी वळणे अधिक असतात आणि पुढचा डावा टायर सर्वांत आधी झिजतो. दर सत्रानंतर एक फेरी संथ चालवून ब्रेक थंड करावेत, पिटमध्ये हॅण्डब्रेक ओढू नये, आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतके पुन्हा तपासावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते निघण्यापूर्वी नवे भरलेले असावे.

हे सारे बंद ट्रॅकसाठी आहे. नव्या काँक्रीटच्या महामार्गावर रात्री लावल्या जाणाऱ्या पैजा हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्यात माणसे मरतात, आणि खासगी गाडीचा विमा शर्यतीतले नुकसान भरून देत नाही.

परतीला निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, दिवसभरात सोडलेली हवा पुन्हा भरून दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरील आकड्यावर आणली जाते. घरी पोहोचल्यावर खोली मोजण्याच्या पट्टीने प्रत्येक टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड वेगवेगळी मोजून वहीत लिहिली जाते. पुढच्या टायरांची बाहेरची कड मध्यापेक्षा स्पष्टपणे जास्त झिजली असेल, तर पुढचा खर्च कॅम्बर बोल्ट आणि अलाइनमेंटवर करावा. झीज सारखी असेल आणि टायरवर झीज दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या पुष्कळ वर रबर शिल्लक असेल, तर गाडीला हात न लावता उरलेले पैसे पुढच्या ट्रॅक डेच्या शुल्कासाठी आणि तिथल्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून घेतलेल्या एका सत्रासाठी राखून ठेवावेत.