निगेटिव्हमधली चौथी चौकट

(काळोख. पांढऱ्या उजेडावर सहा चौकटींची एक नारिंगी पट्टी सावकाश सरकत येते.)

डावीकडून चौथी चौकट बघा. पायरीवर एक मुलगी बसली आहे. तिचे केस उजळ नारिंगी, दात काळे, फ्रॉक हिरवट निळा. मागची उन्हातली भिंत तर जवळजवळ काळीच. या फोटोचा प्रिंट अल्बममध्ये आहे, पोस्टकार्डाएवढा, आता बराच फिका पडलेला. त्यात मुलीमागची भिंत पांढरीफटक दिसते, तिच्यावर काहीच नाही.

ही चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. अल्बममधल्या प्रिंटमध्ये जे कधी उतरलंच नाही, तेही एवढ्याशा जागेत आहे. ते बाहेर काढायला आज घरातला कॅमेरा पुरतो: निगेटिव्हचाच फोटो काढायचा आणि त्याचे रंग संगणकावर उलटे करायचे.

(पाकिटातून पट्टी काढणारे हात. सुती हातमोजे.)

पट्टी कडेनेच धरायची. जुनं पाकीट उघडताना आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आहे. असे रोल लगेच बाजूला काढावेत, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. आणि कॅमेऱ्याखाली पहिला नंबर त्यांचाच लावावा.

आमच्या पट्टीला वास नाही. धूळ मात्र आहे. रबरी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. कपड्याने पुसायचं नाही. एक कण घासला गेला की त्याचा ओरखडा कायमचा राहतो. अनेक फिल्म स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप काढून टाकतात. कॅमेऱ्यात ती सोय नसते, म्हणून इथे घालवलेली दोन मिनिटं पुढे संगणकावरचा अर्धा तास वाचवतात.

(स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा.)

खाली उजेडाचं पॅनेल, त्यावर पट्टी सपाट धरणारा होल्डर, वर अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा. मांडणी एवढीच. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर या चौकटीएवढाच असतो त्यावर, चौकट एकास एक मापात टिपली, तर इंचाला ४,००० हून जास्त पिक्सेल मिळतात. घरगुती रोलसाठी ते भरपूर झाले.

उजेडात काटकसर करू नये. साध्या एलईडीत काही रंगांचा उजेड तुटपुंजा असतो. डोळ्याला तो पांढराच दिसतो, पण फिल्मच्या रंगांतून जाताना ती उणीव उघडी पडते. पॅनेलचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ किंवा त्याहून जास्त असावा. पट्टीभोवतीचा मोकळा उजेड काळ्या कागदाने झाकायचा, खोलीतले दिवे बंद करायचे. नाहीतर भलता उजेड लेन्समध्ये शिरतो आणि फोटो धुरकट होतो.

माझे पहिले तीन रोल मला पुन्हा टिपावे लागले. मधोमध सगळं स्वच्छ, पण एका बाजूचे कोपरे अस्पष्ट. कॅमेरा अगदी केसभर तिरका होता, आणि एवढ्या जवळून तेवढंही पुष्कळ होतं. तेव्हापासून मी आरसा वापरते.

(होल्डरवर हाताच्या पंजाएवढा सपाट आरसा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सचं गोल प्रतिबिंब.)

फिल्म जिथे बसणार, तिथे आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सला स्वतःचाच गोल डोळा दिसतो. तो पडद्याच्या बरोबर मध्यावर आला, की कॅमेरा आणि फिल्म समांतर. बाजूला सरकलेला असेल, तर कॅमेऱ्याचा कोन थोडा थोडा बदलत त्याला मध्यावर आणायचं.

मग आरसा काढायचा, पट्टी सरकवायची, पडद्यावरची प्रतिमा मोठी करायची आणि हाताने फोकस करायचा. फोकस चेहऱ्यावर नाही, दाण्यावर, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी फिल्मवरचं चित्र बनतं त्यांवर. मुलीचा चेहरा मूळ फोटोतच जरा हललेला असेल, पण फिल्मचा दाणा कधी हललेला नसतो.

आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास, शटर टायमरवर. सगळं मॅन्युअल, आणि एका रोलला एकच एक्स्पोजर. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं, काटछाट न करता. यावर मी अडून बसते, आणि त्याचं कारण त्या काळ्या भिंतीत आहे. निगेटिव्हमध्ये सगळ्यात दाट भाग म्हणजे मूळ दृश्यातला सगळ्यात उजळ भाग. तिथून कॅमेऱ्यापर्यंत फार थोडा उजेड पोचतो. शिवाय रंगीत निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून रूपांतर करताना तो ताणावा लागतो. जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. ताण दिल्यावर जेपेग पट्ट्यापट्ट्यांनी फाटते, रॉ टिकते.

(क्लिक. संगणकाचा पडदा. नारिंगी चौकट.)

आता हा नारिंगी रंग. पुष्कळांना वाटतं, फिल्म जुनी झाली म्हणून ती अशी दिसते. तसं नाही. रोल धुऊन आला त्या दिवशीही ती अशीच होती.

रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात, आणि रोल धुताना त्यांत पिवळा, गुलाबी-जांभळा मजेंटा आणि हिरवट निळा सायन असे तीन रंग तयार होतात. हे रंग शुद्ध नसतात. सायनने फक्त लाल उजेड अडवायचा, पण तो थोडा हिरवा आणि निळाही अडवतो. मजेंटा निळ्यात लुडबुड करतो. १९४० च्या दशकात कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन यांनी यावर फार देखणा तोडगा काढला. ज्या रसायनापासून रंग तयार होतो, त्या रसायनालाच आधीपासून फिकी छटा द्यायची. जिथे रंग तयार होतो, तिथे ती छटा खर्ची पडते. जिथे होत नाही, तिथे ती उरते. त्यामुळे रंगाची चूक एका जागी कमी, एका जागी जास्त न राहता पट्टीभर सारखी पसरते. आणि सगळीकडे सारखी असलेली चूक एका फटक्यात वजा करता येते. मला ही कल्पना अजूनही थक्क करते.

फोटोचा कागद बनवणाऱ्यांनी ही नारिंगी छटा गृहीतच धरली होती. कॅमेरा ती गृहीत धरत नाही. म्हणून फोटोतले रंग नुसते उलटे केले, की सगळ्यावर निळसर झाक चढते. इथे रूपांतराचं सॉफ्टवेअर लागतं. लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅमसाठी निगेटिव्ह लॅब प्रो आहे. डार्कटेबलमध्ये नेगाडॉक्टर आणि रॉथेरपीमध्ये फिल्म निगेटिव्ह अशी साधनं आहेत, आणि हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत मिळतात. यातलं कुठलंही घ्या. दोन चौकटींमधल्या कोऱ्या नारिंगी पट्टीचा नमुना त्याला दाखवला, की कुठली छटा वजा करायची ते त्याला कळतं. म्हणून टिपताना ती कड चौकटीत येऊ द्यावी.

(निळसर मुलगी हळूहळू माणसाच्या रंगात येते.)

फ्रॉक लाल झाला. पण कुठला लाल? सॉफ्टवेअर एक उत्तर देतं, अल्बममधला फिका प्रिंट दुसरं. निगेटिव्हमध्ये ठरलेला असा एकच रंग नसतोच. पूर्वी डार्करूममध्येही प्रिंट काढणारा माणूस निगेटिव्ह कागदावर मोठी करून पाडणाऱ्या एन्लार्जरमध्ये पिवळे आणि मजेंटा फिल्टर घालून, एक प्रिंट, दुसरा प्रिंट असं करत रंग ठरवायचा. तेच काम आता आपल्याकडे आलं आहे. मी आधी राखाडी शोधते. इथे सिमेंटची पायरी आहे. पायरीला पायरीचा रंग आला की त्वचा आपोआप जागेवर येते, आणि फ्रॉकही. तोच हिशेब मग त्या पट्टीतल्या सगळ्या चौकटींना लावायचा. प्रत्येक फोटो वेगळा आपोआप सुधारू दिला, तर एकाच दुपारचे सहा फोटो सहा ऋतूंतले वाटतात.

आता भिंत. उजळ भागाचा सरक-दांडा हळूहळू खाली आणूया.

(भिंतीचा भाग मोठा होत जातो.)

चुन्याचे पोपडे दिसायला लागले. मग कोळशाने ओढलेल्या आडव्या रेघा, एकावर एक, बोटबोटभर अंतराने. मुलांची उंची मोजतात तशा. खालच्या रेघा पुसट, वरच्या ठळक. सगळ्यात वरची रेघ बसलेल्या मुलीच्या डोक्यापेक्षा बरीच वर आहे. निगेटिव्हच्या एवढ्या दाट भागातून फोटोच्या कागदापर्यंत पुरेसा उजेड पोचलाच नाही, म्हणून प्रिंटमध्ये तिथे नुसता पांढरा कागद राहिला. फिल्मने मात्र रेघा धरून ठेवल्या होत्या.

रॉ फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. पट्टी परत पाकिटात, पाकिटावर रोलचा आकडा, तोच आकडा फाइलच्या नावात. निगेटिव्ह फेकायची नाही. उद्याचा कॅमेरा याहून चांगला असेल.

पण अजून दोन चौकटी बाकी आहेत.

(पट्टी एक चौकट पुढे सरकते. तीच पायरी, तीच भिंत. मुलगी आता उभी आहे, रेघांना पाठ टेकून.)