"दोनशे दहा, हिंद बघ!"

(दृश्य: वडगावची गल्ली, यंत्रमागांचा खडखडाट)

बेळगावचं वडगाव. खाली माग चालू आहेत. वर माळ्यावर चार पोरं, चार फोन, कानात इयरफोन.

खेळ बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा खेळ. स्पर्धेत चौघांचा एक संघ, असे १६ संघ, म्हणजे ६४ जण एकाच नकाशावर. हा एरंगेल, ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. खेळायचं वर्तुळ आवळत जातं, बाहेर राहिला तो संपला.

(दृश्य: खिडकीजवळच्या पोराचा चेहरा, मग त्याचं बोट)

हा बघा. चौघांत निशाणा याचाच कच्चा. तरी संघाचा आयजीएल, म्हणजे म्होरक्या, हाच. ज्यातून सगळे उड्या मारतात ते विमान कुठून गेलं, कुठला संघ कुठं उतरला असेल, वर्तुळ पाण्यापलीकडं पडलं तर पुलावर कोण दबा धरून बसेल, हे सगळं तो पहिली गोळी सुटायच्या आधी मांडून मोकळा होतो. पहिल्या नंबरला १० गुण, दुसऱ्याला ६, एका किलला १. म्हणून हाताशी आलेला शत्रूही तो कधीकधी सोडायला लावतो. "जाऊ नको रे, थांब की." पोरं थांबतात. सतरा वर्षांच्या पोरांना थांबवणं सोपं नाही.

(दृश्य: बोटं, जवळून)

दुसऱ्याची अक्कल मनगटात. फोन किंचित तिरका करतो, बंदूक स्थिर होते. शेजारचा डोळे मिटून पावलं ऐकतो: वरच्या मजल्यावर, दोघं. चौथा बोलतच नाही. कोण पडलं की धूर टाकतो आणि त्याला उचलतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात यातल्या कशालाच रकाना नाही.

"दोनशे दहा, हिंद बघ!" होकायंत्राचा आकडा मराठीत, मागचा शत्रू कन्नडमध्ये; 'हिंद' म्हणजे मागं. तोंडात आधी येईल तो शब्द. सीमाभागाच्या भाषेवर एवढं बोललं जातं, तिथं हे ऐकून बरं वाटतं.

(दृश्य: म्होरक्याचा पडदा राखाडी होतो)

तो मेला. पण आवाज थांबला नाही. शेजाऱ्याच्या खेळावर डोळे ठेवून तो दिशा सांगत राहतो. कुणाचा तरी ग्रेनेड चुकतो, दुसरा चिडतो. "गप की रे, डाव संपू दे, मग बोलू."

त्या दिवशी ते पाचवे आले, पुढची फेरी हुकली. एकाची बारावी आहे, घरात फोनपायी भांडण चालू आहे.

(दृश्य: डाव संपलेला. म्होरक्या वहीत पूल काढतो, तिघं वाकून बघतात. खाली माग चालूच.)