पेड्रोची दोन वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

सर्वांत भारी गोलंदाज कोण, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही पेटतो. अमेरिकेत हाच वाद बेसबॉलच्या पिचरवरून होतो आणि तितकाच तावातावाने होतो. आज मी त्या वादात पडणार आहे आणि बाजूही घेणार आहे.

आधी मैदान डोळ्यांसमोर आणा. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज, पण तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर पाय रोवून तो ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. आपली खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत ६६ फुटांची, म्हणजे अंतर थोडं कमीच. चेंडूला टप्पा नाही, त्यामुळे खेळपट्टीची साथही नाही. जी काही करामत करायची ती हवेतच, आणि तीही फलंदाजाशेजारी जमिनीत बसवलेल्या १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून चेंडू नेऊन.

या वादात पहिलं नाव निघतं साय यंग यांचं. १८९० ते १९११ या काळात त्यांच्या नावावर ५११ विजय लागले. आजही दरवर्षी उत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार त्यांच्याच नावाने आहे. त्यांच्या पाठोपाठ वॉल्टर जॉन्सन, ४१७ विजय. यापैकी ११० सामन्यांत त्यांनी एकट्याने पूर्ण सामना टाकून समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. हे आकडे आता कोणी गाठणार नाही, कारण त्या काळी पिचर सुरू केलेला सामना शेवटपर्यंत टाकायचा. सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात; आज पाच-सहा इनिंगनंतर दुसरा पिचर येतो.

पण विजयांची संख्या हे माप मला मुळातच पटत नाही. सामना संघ जिंकतो. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमचं २०१८ सालचं उदाहरण घ्या. नऊ इनिंगमागे पिचर सरासरी किती धावा देतो, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, त्या आकड्याला ईआरए म्हणतात. डिग्रॉमचा ईआरए होता १.७०. आणि विजय? फक्त १०, पराभव ९. त्याच्या फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत, त्याला तो काय करणार? तरीही साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, याचा मला फार आनंद झाला होता.

मग नुसता ईआरए पाहायचा का? तेही पुरेसं नाही. १९६८ साली सेंट लुईसच्या बॉब गिब्सन यांचा ईआरए होता १.१२. अंगावर काटा यावा असा आकडा. पण त्या वर्षी सगळेच फलंदाज चाचपडत होते. दोन मुख्य लीगपैकी एक अमेरिकन लीग; तिच्यात .३०० च्या पुढे सरासरी नेणारा, म्हणजे दहा संधींत तीनहून जास्त हिट (फटका मारून सुरक्षित बेसवर पोहोचणं) मिळवणारा एकच निघाला, कार्ल यास्ट्रेम्स्की. शेवटी १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. गिब्सन महानच. पण वारा त्यांच्या पाठीशी होता.

सँडी कोफॅक्स हे माझ्या मनाचं हळवं ठिकाण. डावखुरा, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना यहुद्यांच्या योम किप्पूर या पवित्र दिवशी आला, तेव्हा त्यांनी खेळायला नकार दिला. पुढे सातव्या, निर्णायक सामन्यात फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उभे राहिले आणि मिनेसोटाला एकही धाव दिली नाही. पुढच्या वर्षी २७ विजय मिळवले आणि कोपराच्या संधिवातामुळे तिसाव्या वर्षी खेळ सोडला.

सॅचेल पेज यांच्याबद्दल बोलताना मात्र जीव तुटतो. काळ्या खेळाडूंना मुख्य लीगची दारं बंद होती, म्हणून त्यांची ऐन उमेदीची वर्षं निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या सामन्यांत गेली. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने त्यांना घेतलं तेव्हा त्यांचं वय होतं ४२. तरीही त्या मोसमात ६ विजय, १ पराभव. पंचविशीत त्यांना हेच मैदान मिळायला हवं होतं.

आता माझा माणूस. पेड्रो मार्टिनेझ. डॉमिनिकन रिपब्लिकचा, तेव्हा बॉस्टनकडून खेळणारा, पिचरच्या मानाने अंगाने किरकोळ. मी त्याच्या १९९९ आणि २००० या दोन वर्षांना सर्वांत वर ठेवते. का? तो काळ होता धावांच्या पावसाचा. स्टेरॉइडने फुगलेले दंड, धडाधड होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके. २००० साली अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए होता ४.९१. पेड्रोचा होता १.७४. लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉजर क्लेमेन्स, ३.७०. दुप्पटीहून जास्त! गिब्सन वाऱ्याबरोबर पोहले, पेड्रो पुराविरुद्ध पोहला.

त्याचं हत्यार समजून घ्यायचं असेल तर घरात क्रिकेटचा चेंडू असेल तर हातात घ्या. बेसबॉल त्याहून जरा मोठा, जरा हलका. आता अंगठा आणि तर्जनी जोडून चेंडूच्या बाजूला गोल कडं करा, आणि चेंडू उरलेल्या तीन बोटांवर टेकवा. हा चेंजअप. हात फास्टबॉलच्याच, म्हणजे सर्वांत वेगवान चेंडूच्याच, वेगाने फिरतो, पण चेंडू पकडीत खोल बसल्यामुळे सावकाश सुटतो आणि प्लेटजवळ खाली जातो. फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. पेड्रोची बोटं विलक्षण लांब. त्या बोटांत चेंडू दिसेनासाच व्हायचा.

आणि ११ ऑक्टोबर १९९९ ची रात्र. मोसमानंतरच्या बाद फेरीतल्या मालिकेचा क्लीव्हलँडविरुद्ध पाचवा, शेवटचा सामना. त्या मोसमात क्लीव्हलँडने १,००९ धावा केल्या होत्या. मालिकेच्या पहिल्याच सामन्यात पेड्रोची पाठ दुखावली आणि त्याला बाहेर जावं लागलं होतं. या रात्री चौथ्या इनिंगच्या पूर्वार्धातच फलक ८-८ वर, पिचर म्हणजे नुसती शिकार. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात दार उघडलं आणि पेड्रो बाहेर आला. नेहमीचा वेग नव्हता, पाठ साथ देत नव्हती. म्हणून तो कर्व्हबॉल (हवेत वळून खाली येणारा चेंडू) आणि चेंजअपवर आला. सहा इनिंग टाकल्या, आठ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केलं. आणि त्या हजार धावांच्या संघाला त्याच्याविरुद्ध एकही हिट मिळाला नाही. बॉस्टन १२, क्लीव्हलँड ८.