आधी पाणी, मग कलम

(दृश्य : जुलैमधली पंचगंगा. पुलावरून दिसणारे तांबूस पाणी.)

कोल्हापुरात प्लॉट घेतला की घराचा नकाशा नंतर, आंब्याची जागा आधी ठरते. आणि आंबा कोणता? हापूस! घरात त्यावर चर्चासुद्धा होत नाही.

चर्चा व्हायला हवी, आणि ती पाण्यापासून सुरू व्हायला हवी. याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, तर शिरोळला जेमतेम ५०० च्या आसपास. खुद्द शहराभोवतीही जमीन एकसारखी नाही. चिखली, आंबेवाडी, कसबा बावड्याच्या नदीकाठाला काळी, गाळाची माती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हा पट्टा पाण्याखाली गेला. उलट पाचगाव, आर. के. नगरच्या माळावर थोडं खणलं की मुरूम लागतो.

(दृश्य : मे महिना. परसात खड्डा खणला जातोय.)

म्हणून मे महिन्यात खड्डा काढायचा. आंब्याला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. पेरू-लिंबाला दोन फूट पुरतात. उन्हात तापू द्यायचा. मग त्यात पाणी भरून रात्रभर सोडायचं. सकाळी खड्डा रिकामा असेल तर बिनधास्त पुढं जा. पाणी तसंच उभं असेल, तर तिथं पपई लावू नका. तिचा बुंधा कुजतो. लिंबालाही अशा जागी डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, होतो. पेरू आणि जांभूळ मात्र ओल बरीच सोसतात. दुसरं काही लावायचंच असेल, तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा.

माळावरच्या मुरमात सीताफळ आणि आवळा आनंदानं येतात. तिथं आंबाही चांगला होतो, फक्त खड्डा भरताना कंजुषी नको : तळाला पालापाचोळा, वर पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत. इथं साखर कारखाने जवळ, त्यामुळे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, सहज मिळतो. तो पूर्ण कुजलेलाच घ्या. ताजा तापतो आणि कोवळी मुळं करपतात.

(दृश्य : रोपवाटिका. कलमांच्या काळ्या पिशव्या.)

आता हापूसचं बोलू. चवीबद्दल वाद नाही. पण हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी बहुधा हात आखडता घेतो. वरून सुंदर दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेला, निघतो तो वेगळाच. बागायतदाराकडं शंभर झाडं असतात, त्याचं निभतं. तुमच्याकडं एकच आहे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ १९८१ मध्ये आली. ती दरवर्षी फळते आणि तिच्यात साका नसतो. एकाच झाडाची जागा असेल, तर आमचं मत रत्नाला किंवा केशरला. हापूस घाट चढून बाजारात येतोच.

कलम उंच आणि देखणं असावं असा काही नियम नाही. जोड पक्का आहे का ते बघा, आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी नंतर न विसरता कापा. नाहीतर बुंधा तिथं आवळला जातो. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच खुडा. तो हापूसचाही नाही, रत्नाचाही नाही. खालच्या रायवळ कोयीचा आहे. तो वाढू दिला, तर काही वर्षांनी रायवळ आंबेच खावे लागतील.

(दृश्य : छोट्या कलमाला आलेला मोहर.)

पहिली तीन वर्षं मोहर काढून टाकायचा. घरातल्या आजींना हे पटत नाही, तरी काढायचा. आधी झाड अंगानं भरू द्या. शेजाऱ्याच्या भिंतीपासून निदान १५ फूट अंतर ठेवा. फांदी पलीकडं गेली की कैऱ्या कुणाच्या, हा वाद फार जुना आहे.

(दृश्य : हिवाळा. पेरूचं झाड, फांदीला टांगलेला सापळा.)

पेरूला मात्र वाट बघावी लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळं लागतात. ‘सरदार’, म्हणजेच एल-४९, ही जात पुण्याच्या गणेशखिंडीतली. पावसाळ्यात पिकणारी फळं पाणचट निघतात, त्यांत फळमाशीच्या अळ्याही जास्त. म्हणून मृग बहार धरा : पावसाच्या सुरुवातीला फुलं, हिवाळ्यात फळ. मिथाईल युजेनॉलचा सापळा फळमाशीच्या नरांना ओढून घेतो. तो फळं पिकायच्या आधीच टांगा, आणि खाली पडलेली किडकी फळं गोळा करून खोल पुरा. ती झाडाखाली तशीच राहिली, तर माशीची पुढची पिढी तिथल्याच मातीतून वर येते.